हिरवी चौकट

गुंगी नीट लागल्याचं सिस्टरने सांगितलं, तशी डॉक्टरांनी दुर्बिणीची नळी हातात घेतली. टेबलावर त्यांची बायको होती.

तिचा भाऊ आतड्याच्या कॅन्सरने गेला, तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. तपासणी तुमच्याच हातून, नाहीतर नकोच, असा तिचा हट्ट. बिचारीला काय ठाऊक, की नवऱ्याच्या डोळ्यांपुढे गेलं वर्षभर धुकं दाटलंय! त्यांनी कुणाला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. लागला असता तर नळी हातातून गेली असती.

तारून नेत होतं ते दुर्बिणीच्या पडद्याला जोडलेलं नवं मशीन. आतड्यात कुठे पॉलिप, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणारा बारीकसा कोंब दिसला, की पडद्यावर त्याच्याभोवती हिरवी चौकट उमटायची आणि टिंग वाजायचं. डॉक्टर चारचौघांत मात्र त्याच्या नावाने बोटं मोडायचे. मेलं बुडबुड्यालाही बोंबलतं, म्हणायचे. मशीन विकायला आलेल्याला तर त्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "हे खेळणं परक्यांसाठी ठीक. आपल्या माणसाला आपल्या डोळ्यांनी बघावं."

पण वरून हुकूम होता, म्हणून ते रोज सुरू व्हायचं. डॉक्टर वरवर कुरकुरायचे आणि मनातून त्यांना हायसं वाटायचं.

नळी हळूहळू मागे येऊ लागली. आज बुडबुड्यांवरसुद्धा टिंग नाही. पोट छान साफ झालेलं दिसतंय, त्यांना वाटलं. एका वळणावर काहीतरी फिकट उंचवटा दिसल्यासारखा झाला. हात थांबला. ते चौकटीची वाट बघत राहिले. ती उमटली नाही. घडी असेल आतड्याची, म्हणून ते पुढे सरकले.

बायको शुद्धीवर आल्यावर त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"डोळ्यांत तेल घालून बघितलंय. आतडं अगदी लख्ख आहे. आता काही वर्षं तपासणीचं नावही काढू नकोस."

तिला रडूच फुटलं. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच ती मोकळी रडली. मग डोळे पुसून, हसत लेकीबरोबर घरी गेली.

सिस्टर नळी धुवायला नेत होती. डॉक्टरांना आज थट्टा सुचली. तुमचं मशीन आज बरंच शहाण्यासारखं गप्प बसलं होतं, ते म्हणाले.

"गप्प बसेल नाहीतर काय, सर," सिस्टर कौतुकाने म्हणाली. "आपल्या माणसाला आपल्या डोळ्यांनी बघावं म्हणाला होतात ना? वहिनी आत आल्या, तेव्हाच मी ते बंद करून टाकलं."