महिला शाखेची पहिली सभा

खांद्यावर शाल पडली तेव्हाच डॉ. सुवर्णा अहिरेच्या लक्षात आलं, आपल्याला गुंडाळलं जातंय.

"आपल्या जिल्ह्यात प्रथमच महिला शाखा," अध्यक्ष डॉ. सावळीराम पिंगळे माईकवरून सांगत होते. "आणि तिच्या पहिल्या अध्यक्षा, आमच्या सुवर्णाताई." गंगापूर रोडवरच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पशुवैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नाशिक शाखेची ती वार्षिक सभा होती. साल अठ्ठ्याण्णव. टाळ्या थांबल्यावर सावळीरामांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जेवण किती वाजता आहे हे सांगावं इतक्या सहज. "नियमाप्रमाणे एका व्यक्तीला दोन पदं घेता येत नाहीत. तेव्हा ताईंचा सचिवपदाचा अर्ज आपोआप रद्द होतो. डॉ. जीवन गायधनी बिनविरोध."

पहिल्या रांगेत जीवनने हात जोडले. कॉलेज रोडला त्याचा कुत्र्यामांजरांचा दवाखाना होता, नीटनेटका, एसी लावलेला. माणूस वाईट नव्हता. त्याला पद हवं होतं, एवढंच.

सुवर्णाला पदाचं काही नव्हतं. संघटनेची शस्त्रक्रिया शाखा दर वर्षी मोठ्या जनावरांच्या ऑपरेशनची कार्यशाळा घ्यायची आणि जिल्ह्यातून कोण जाणार ते सचिव ठरवायचा. हरसूलच्या दवाखान्यात आल्यापासून ती दर वर्षी नाव द्यायची. दर वर्षी ते नाव नाशिकच्या पुढे जायचं नाही. म्हशीचं पोट फाडणं बाईमाणसाचं काम नव्हे, असं तिला तोंडावर कोणी म्हणालं नव्हतं. चहाच्या टेबलाशी ती पाठमोरी उभी असताना तिने ते ऐकलं होतं.

यंदा भाताची लावणी चालू असताना अंबूबाईची म्हैस अडली. गर्भाशयाला पीळ पडला होता. गडीमाणसांनी म्हशीला लोळवून पाहिलं, पीळ सुटेना. आता पोट उघडूनच रेडकू काढावं लागणार होतं. सुवर्णाने ते पुस्तकात वाचलं होतं, कॉलेजात लांबून पाहिलं होतं. स्वतःच्या हाताने कधी केलं नव्हतं. तिची छाती झाली नाही. तिने टेम्पो बोलावला आणि म्हैस नाशिकला धाडली. म्हैस घाटातच गेली. अंबूबाई रडली नाही, भांडलीही नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "डाक्तरीणबाई, तुमी उघडलं असतं तर वाचली असती का वो?"

त्याच आठवड्यात सुवर्णाने सचिवपदाचा अर्ज भरला.

आता तिने खांद्यावरची शाल काढली, घडी घातली आणि टेबलावर ठेवली. सत्कारानंतर दोन शब्द बोलायची रीतच होती. सावळीरामांनी हसतमुखाने माईक पुढे केला.

"या महिला शाखेत सभासद किती आहेत, सर?" तिने विचारलं.

"सध्या तुम्ही एकट्याच." हॉलमध्ये खसखस पिकली.

"आणि शाखेचे निर्णय कोण घेणार?"

"तुमची शाखाच घेणार. आम्ही पुरुष त्यात तोंड घालणार नाही." पुन्हा हसू.

"मग शाखेची पहिली सभा मी आत्ताच घेते. सगळे सभासद हजर आहेत. ठराव एकच, ही शाखा बरखास्त करावी." तिने स्वतःचाच हात वर केला आणि इकडेतिकडे पाहिलं. "विरोधात कोणी नाही. ठराव एकमताने मंजूर."

या वेळी कोणी हसलं नाही. सावळीरामांनी माईकवर तळवा ठेवला. "ताई, मान दिला तर घ्यावा माणसाने," ते हळू आवाजात म्हणाले. "आता तुमच्याकडे कुठलंच पद राहिलं नाही."

"म्हणूनच सचिवपदाला उभी आहे."

सावळीरामांनी खांदे उडवले. "ठीक आहे. हात वर करून होऊन जाऊ द्या."

जीवनसाठी पुढच्या रांगांतले हात भराभर वर झाले. शहरातले दवाखानेवाले, मुख्यालयातले साहेब. सुवर्णा ताठ उभी होती. हरायची तयारी तिने घरूनच करून आणली होती. फक्त शाल पांघरून हरायचं नव्हतं.

"आता सुवर्णाताईंसाठी," सावळीराम म्हणाले.

कोणी हललं नाही. मग अगदी मागे, भिंतीला टेकून बसलेल्या एका माणसाने हात वर केला. सुरगाण्याचे डॉ. नाथा भोये. सभेत कधी चकार शब्द न काढणारे.

"भोये, तुम्ही?"

"सर, माझी नोकरी संपत आली," भोये बसल्या जागेवरून म्हणाले. "कार्यशाळेला माझं नाव कधी गेलं नाय. आणि मी तर बाईमाणूसही नाय."

त्यांच्या शेजारी पेठच्या डॉक्टरांनी हात वर केला. मग घोटीच्या. मग नामपूरच्या. पहाटेची एसटी पकडून आलेली, उशिरा पोचल्यामुळे मागे बसलेली, दर वर्षी जेवून मुकाट परत जाणारी माणसं. त्यांची नावं सुवर्णाला नीट ठाऊकही नव्हती. मत मागायला ती त्यांच्याकडे गेलीच नव्हती. आपल्यावरचा अन्याय आपल्या एकटीचाच आहे, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

सावळीरामांनी हात मोजले. चष्मा पुसून पुन्हा मोजले. मग माईक तिच्याकडे सरकवला आणि खुर्चीत बसले. जीवनने टाळी वाजवली, थोडी उशिरा.

सुवर्णाने भाषण केलं नाही.

"यंदाच्या कार्यशाळेला ज्यांना जायचंय त्यांनी नावं सांगा," ती म्हणाली. "मागच्या रांगेपासून."