कोणती गोळी

आमच्या बैरूतची डॉक्टर नायरी तुतुंजियान बोस्टनला गेली आणि कर्करोग संशोधनाची प्रमुख झाली. वीस वर्षं खपून तिने शोधलेल्या औषधाच्या चाचणीत तिचा धाकटा भाऊ वाझकेनही दाखल झाला. निम्म्या रोग्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी गोळी. कोणाला काय, ते शेवटी यादी उघडल्यावरच कळणार होतं.

"ताई, तूच तिथली साहेबीण ना? यादी बघ एकदा. साधी गोळी असली तर बदलून दे."

"तेवढं मागू नकोस रे."

सातव्या महिन्यात वाझकेन गेला. भावजयीने नायरीशी बोलणं टाकलं.

मग यादी उघडली.

वाझकेनला औषधच मिळालं होतं. साधी गोळी घेणारे बहुतेक जण अजून जिवंत होते.