मोजून ऐंशी

पातेल्यात सोतेत्सूच्या बियांच्या ऐंशी फोडी होत्या. चाळीस लाल बिया मधोमध चिरून त्सुरूमावशींनी त्या काल संध्याकाळी काठोकाठ पाण्यात भिजत घातल्या होत्या. हे माडासारखं काटेरी झाड बेटावर प्रत्येकाच्या अंगणात शोभेला असतं. घरात त्या आणि कोमे मांजरी अशा दोघीच, म्हणून कोमेला टोचू नये यासाठी मावशींनी झाडाचे खालचे काटे कात्रीने छाटले होते.

आज सकाळपासून कोमे सारखी ओकत होती. वाऱ्यामुळे बोट बंद होती. मावशींनी पलीकडच्या बेटावरच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"मावशी, सोतेत्सूचं काही खाल्लं का तिनं? बिया विषारी असतात."

"मला शिकवताय? माझी आई याच बियांच्या पेजेवर वाढली. आठवडाभर रोज पाणी बदलायचं, सगळं विष पाण्यात उतरतं."

"तरी फोडी मोजून बघा. एखादी जरी पोटात गेली असेल, तर इथून मी काय करणार?"

कोमेला छातीशी धरून मावशी पातेल्याजवळ बसल्या. एकेक फोड बोटाने बाजूला सारत त्यांनी दोनदा मोजलं.

"ऐंशी! एकही कमी नाही हो, डॉक्टर!" त्या रडता रडता हसल्या.



पातेल्यातलं पाणी मात्र काठापासून अर्धं बोट खाली गेलं होतं.