तिसरा रकाना

“सावत्र आई कशी होती?”

“दुष्ट!” दुसरीचा अख्खा वर्ग ओरडला. मी फळ्यावर लिहिलं. दोन रकाने आखले होते, एक गोष्टीतल्या सख्ख्या आईचा, दुसरा सावत्र आईचा. मुलं एकेक चिठ्ठी उचलून रकान्यात चिकटवत होती. ‘शिळं वाढते’ उजवीकडे गेली, ‘कुशीत घेते’ डावीकडे. धडा ठरलेला होता, मी शिकवत होते. हल्ली मला कशाचंच काही वाटत नाही.

केतकीचा नंबर आला. ती माझ्या नवऱ्याची मुलगी. तिची आई वारल्यावर, चार महिन्यांपूर्वी, मी लग्न होऊन त्या घरात आले. शाळेत सगळीच मुलं मला बाई म्हणतात. ती घरीही बाईच म्हणते. रोज सकाळी मी तिच्या दोन वेण्या घालते. ती भिंतीकडे बघत बसते, हूं की चूं करत नाही.

तिच्या चिठ्ठीवर होतं, ‘वेणी घालते’.

“सख्ख्या आईकडे लाव!” मुलं ओरडली. गोष्टीत तसंच होतं.

केतकी चिठ्ठी घेऊन फळ्यापाशी आली. मग तिने माझ्याकडून खडू मागून घेतला, फळ्याच्या कडेला आणखी एक रेघ ओढली आणि वर लिहिलं, ‘बाई’. चिठ्ठी त्याखाली चिकटवली.

“ही कुठे होती गोष्टीत?” कुणीतरी विचारलं.

मी पुढचा नंबर पुकारला. जागेवर जाताना केतकी माझ्यापाशी थांबली आणि हळूच म्हणाली, “उद्या जरा सैल घाला. डोकं दुखतं.”