मुकं घुंगरू

भाचीच्या बारशाला आत्यानं चांदीचे वाळे न्यायचे, म्हणून संयोगितानं ते आणले तर होते. पण कुपवाडहून साताऱ्यापर्यंत एसटीत तिनं पिशवीतला हात काही बाहेर काढला नाही. वाळे नवे नव्हते. तीन वर्षांपूर्वी आठ महिन्यांची होऊन गेलेल्या तिच्या लेकीचे, सईचे होते. गेलेल्या लेकराची वस्तू दुसऱ्याच्या अंगाला लावत नाहीत, हे का तिला ठाऊक नव्हतं? पण सोनाराकडचा एकही जोड मनाला येईना. शेवटी तिनं हेच उजळून घेतले.

पाळण्यावर वाकून तिनं वाळे बाळाच्या पायांत चढवले. बाळानं पाय झाडले. एक घुंगरू वाजलंच नाही.

भावजय रेश्मा चमकली. तिनं तो पाय पुन्हा हलवून पाहिला. संयोगितानं वाळ्याकडं हात नेला.

"वन्सं, ह्ये मुकं घुंगरू आपल्या सईचं न्हवं?"

"चुकलं गं माझं. काढते मी."

"ऱ्हाऊ द्या."

रेश्मानं जमलेल्या बायकांकडं पाठ केली आणि बाळाच्या डोक्यावरून घेतलेली नवीकोरी शाल हळूच मागं सारली. आत जांभळ्या खणाची कुंची होती. सई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी संयोगितानं कृष्णेत सोडायला रेश्माच्याच हाती दिलेली.

"सकाळधरनं काळीज नुसतं धडधडतंय माजं," रेश्मा म्हणाली, "तुमी वळखाल म्हणून."