न हललेला पेला

रियाधमध्ये थंडी पडली की म्हाताऱ्या मुतलकला शहराबाहेर तंबूसाठी जागा शोधायची हुक्की यायची. सोबती एकेक करून मातीआड झाले, हुक्की तेवढी उरली.

फोनवर लेक म्हणाली, "बाबा, या खेपेला तरी माणसांच्या जवळ तंबू ठोका."

"अगं, तिथे नुसती जत्रा भरलीय! मला निवांत जागा हवी."

तांबड्या टेकडीमागे ती सापडली. वाऱ्याला आडोसा होता आणि वाळूवर चाकाचा एकही माग नव्हता. मुतलकने कॉफी उकळली, जुन्या सवयीने दोन पेले भरले आणि एक समोर चटईवर ठेवला.

आपला पेला संपवून पाहतो तर समोरचाही रिकामा. चटई कोरडी होती. त्याने तो पुन्हा भरला. पुन्हा रिकामा झाला.

"पुरे असेल तर पेला हलवा की," तो उसनं हसत म्हणाला.

रीतच तशी होती. पाहुणा 'बस' म्हणून रिकामा पेला हातात डावी-उजवीकडे हलवत नाही तोवर यजमानाने ओतत राहायचं, उठायचं नाही.

पेला हलला नाही.

ऊन कलेपर्यंत तो ओतत राहिला. शेवटी किटलीतून एकच थेंब पडला.

तेव्हा तो रिकामा पेला, आणखी मागायला पुढे केल्यासारखा, चटईवरून सरकत आला आणि त्याच्या गुडघ्याला टेकला.