पाच वाजताचा इंटरव्ह्यू

सालोमीने पर्समधून फोन काढून काउंटरवर ठेवला, आवाज पूर्ण वर नेला, आणि वसई रोडच्या त्या एवढ्याशा दुकानात भरदुपारी लग्नाचा बँड वाजायला लागला. ट्रम्पेट, ड्रम, सगळं काही. रस्त्यावर भाजी घेणाऱ्या दोन बायका वळून बघायला लागल्या.

"हे काय, मॅडम?" कौस्तुभने विचारलं. दुकान त्याचं. हेडसेट घ्यायला येणारे एखादं गाणं लावून बघतात, फार तर 'हॅलो हॅलो' करतात. घरचा गोंगाट बरोबर घेऊन आलेलं गिऱ्हाईक तो पहिल्यांदाच बघत होता.

"उमेळ्याला आमच्या अंगणात सकाळी रेकॉर्ड केलाय. आज पाचलाही हा असाच वाजणार, आणि पाचलाच माझा लॅपटॉपवर इंटरव्ह्यू आहे. समोर पुण्याचे तीन जण. त्यांना मी ऐकू आले पाहिजे, बँड नाही. दाखव."

कौस्तुभने काचेच्या कपाटातला सगळ्यात महाग डबा काढला. "हा घ्या. नॉइज कॅन्सलिंग. एकदम टॉप."

तिने तो कानांवर चढवला आणि बँड गायब झाला. कौस्तुभ असा खूश झाला की जणू हेडसेट त्यानेच बनवला होता. पण सालोमी तेवढ्यावर भुलणारी नव्हती. तिने दुकानातल्या लॅपटॉपवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायला लावला. लावून ऐकलं तर पुढे बँड आणि मागे कुठेतरी ती.

"म्हणजे मला शांतता आणि त्यांना वरात," ती म्हणाली.

कौस्तुभ ओशाळला. पलीकडच्याला काय ऐकू जातं, हे आजवर त्याला कोणी विचारलंच नव्हतं. "बँडवाल्यांना अर्धा तास थांबायला सांगा ना. शेजारी ऐकतील की."

"शेजाऱ्यांचा नाही तो. उद्या माझ्याच मुलीचं लग्न आहे."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

"हेडसेट घेतेय," सालोमी म्हणाली. "इंटरव्ह्यू एकदा पुढे ढकलून झालाय. दुसऱ्यांदा मागितलं तर ते दुसरी कोणीतरी बघतील. पाचला मी साडी नेसायला म्हणून आत जाणार. मला अर्धा तास लागतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पुढचा दाखव."

पुढचा बिनवायरचा होता. मध्येच चार्जिंग संपलं तर, म्हणून तिने तो परत केला. त्याच्या पुढचा दोन्ही कान गच्च झाकत होता. दार वाजलेलं कळायला हवं, म्हणून तोही गेला. शेवटी कौस्तुभने खालच्या खणातून एका कानाचा, जाड वायरीचा हेडसेट काढला. त्याचा माइक दांडीवर होता, थेट ओठांपाशी येणारा.

"हा कॉल सेंटरवाले नेतात. दिसायला काही खास नाही."

"दिसायला मी आहे ना."

तिने माइक ओठांच्या कोपऱ्याशी आणला, एका बोटाचं अंतर ठेवलं आणि रेकॉर्ड करून ऐकलं. आता आवाज स्वच्छ होता. तरी तिचं समाधान होईना. "तू बाहेर जा आणि तुझ्या फोनवरून या लॅपटॉपवर मला व्हिडिओ कॉल लाव. खरे प्रश्न विचार. कठीण विचार, ते विचारणारच आहेत."

कौस्तुभ रस्ता ओलांडून रसाच्या गाडीपाशी उभा राहिला. कानात इअरफोन, समोर स्क्रीनवर सालोमी. त्याने घसा साफ केला. "आधीची नोकरी का सोडलीत?"

सालोमी सरळ कॅमेऱ्यात बघून बोलायला लागली.

"सोडली नाही. दीड महिन्यापूर्वी ऑफिसच बंद झालं. एकोणीस वर्षं मी एक्सपोर्टची कागदपत्रं बघत होते. माझ्या कागदामुळे एकदाही माल बंदरात अडकला नाही. घरात कमावती मी एकटीच. मुलीला अजून सांगितलेलं नाही. कळलं असतं तर बँड नको, जेवणावळ नको म्हणून अडून बसली असती. ओळखते मी तिला. रोज सकाळी डबा घेऊन निघते आणि चंदनसारला मैत्रिणीकडे बसून अर्ज भरते. नवीन सॉफ्टवेअर तिथेच शिकले. हे सगळं त्यांना नाही सांगणार, पण तू विचारलंस म्हणून सांगितलं. पुढचा प्रश्न?"

दोन दिवस धंदा झाला नाही की घरी जाऊन सगळ्यांवर चिडणारा माणूस कौस्तुभ. या बाईने दीड महिना हे सगळं पोटात ठेवून मुलीच्या लग्नाचा मांडव घातला होता. त्याला तिचं फार कौतुक वाटलं, आणि स्वतःची थोडी लाजही वाटली. कॉल न कापताच तो दुकानात परत आला. काउंटरवर तिचा फोन अजून दणदणत होता.

"बँड ऐकू आला?" तिने विचारलं.

"अजिबात नाही, मावशी. फक्त तुम्ही."

सालोमीने हेडसेट काढला, वायर नीट गुंडाळली. तेवढ्यात काउंटरवरचा बँड मध्येच बंद पडून रिंग वाजू लागली. तिने स्पीकरवरच फोन घेतला. मुलगी होती, ॲनिशा.

"मम्मी, आहेस कुठे? पार्लरवाली येऊन बसलीय. आणि बँडवाले विचारतायत, पाचला सुरू करू की तू तयार होईपर्यंत थांबू?"

सालोमीने एकदा हातातल्या हेडसेटकडे बघितलं.

"कशाला थांबतायत? पाचलाच सुरू करा म्हणावं," ती म्हणाली. "आणि जोरात वाजवा. माझ्या मुलीचं लग्न आहे."